पाच मीटरची चार माणसं, बारा मिनिटांत

युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे चालक-मालक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नगरची एक निवृत्त शिक्षिका. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीच्या पैशातून थोडे बाजूला काढून आम्ही दोघं तुमच्यापैकी एका कंपनीबरोबर पंधरा दिवस युरोपला जाऊन आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. परत आल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्या चार-पाच ओळखीच्या घरांत चौकशी केली, तर सगळ्यांची कथा आमच्यासारखीच निघाली. मग एकालाच नाव ठेवून काय उपयोग?

आधी चांगलं बोलते. जेवण चांगलं होतं. आल्प्सच्या पायथ्याशी गरम वरणभात मिळाला तेव्हा आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मिरचीमुळे नव्हतं. सामान कधी हरवलं नाही. टूर मॅनेजर मुलगा कष्टाळू होता. बेचाळीस माणसांच्या गोळ्या, गुडघे आणि रुसवेफुगवे तो पोर हसतमुखाने सांभाळत होता. म्हणजे हे पत्र त्या मुलाविरुद्ध नाही. त्याच्या हातात जो कागद देऊन तुम्ही त्याला पाठवलंत, त्या कागदाबद्दल आहे.

जिनिव्हाचा दिवस असा गेला. तळ्यातलं ते १४० मीटर उंच उडणारं कारंजं पाहिलं. फुलांचं घड्याळ पाहिलं, तिथे चाळीस मिनिटं. मग खऱ्या घड्याळांच्या दुकानात एक तास पन्नास मिनिटं. मी वेळ मोजली, कारण दुकानात मला मोजण्याजोगं दुसरं काही परवडणारं नव्हतं. मग बस यायला वेळ आहे म्हणून आम्हाला एका बागेतून चालवत नेलं. पार्क दे बास्तियाँ. दारातच जमिनीवर बुद्धिबळाचे मोठे पट आखलेले, गुडघ्याएवढी प्यादी. अर्धी मंडळी तिथेच अडकली. उरलेल्यांना पुढे नेऊन मॅनेजरने एका लांबलचक दगडी भिंतीकडे हात केला आणि म्हणाला, "ही रिफॉर्मेशन वॉल. हे चार मोठे स्विस संत. बारा मिनिटं आहेत, फोटो काढा, गेटपाशी भेटू."

बारा मिनिटं. त्यातली चार चपला-बूट झटकण्यात गेली. सांगलीचे एक काका म्हणाले, "चार आहेत म्हणजे शंकराचार्य असतील." सगळे हसले, मीही हसले. मग मी त्या पुतळ्यांसमोर उभी राहिले आणि माझं हसू गेलं.

का गेलं ते सांगते. त्याआधी एवढंच, की ती भिंत सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेची (रिफॉर्मेशनची), म्हणजे रोमच्या चर्चपासून फुटून प्रोटेस्टंट पंथ निघाले त्या चळवळीची.

माझे पणजोबा नगरजवळच्या एका खेड्यातले, गावकुसाबाहेरचे. अमेरिकन मिशनच्या शाळेत अक्षर शिकले आणि पुढे ख्रिस्ती झाले. आमच्या घरात पाटीला हात लागला तो त्या शाळेमुळे. ती शाळा काढणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले आणि १८४२ मध्ये नगरहूनच त्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केलं. ते होते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे वारस. प्युरिटन म्हणजे त्याच भिंतीवरच्या कॅल्व्हिनच्या विचाराने चालणारे इंग्रज प्रोटेस्टंट. त्या प्युरिटनांतल्या पहिल्यांपैकी काही १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेला गेले. आता त्या भिंतीकडे या. मधल्या चार पुतळ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली शिल्पचित्रं आहेत. त्यातलं एक त्याच मेफ्लॉवरवरच्या माणसांचं आहे. मी त्याच्यासमोर उभी होते. माझ्या पणजोबांची पाटी जिथून निघाली, तो रस्ता त्या दगडात कोरलेला होता, आणि मागून शिट्टी वाजत होती.

हे फक्त आमच्या ख्रिस्ती घरांचं कौतुक आहे असं समजू नका. त्या चौघांत सगळ्यात उजवीकडे जॉन नॉक्स उभा आहे, स्कॉटलंडचा. तो १५५० च्या दशकात परागंदा होऊन जिनिव्हात आला, तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या निर्वासितांचा पाळक झाला, मायदेशी परतला आणि १५६० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चचा नकाशाच त्याने बदलला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जी योजना मांडली तिच्यात प्रत्येक गावच्या चर्चबरोबर एक शाळा हवी, असा आग्रह होता. त्या चर्चची माणसं पुढे कोकणात बाणकोटला आली, मुंबईत आली, पुण्यात आली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकला. त्याचं नाव जोतिराव गोविंदराव फुले. त्याच जोतिरावांनी नगरला अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी तिथल्या सिंथिया फरार बाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले, आणि १८४८ साली भिडेवाड्यात काय झालं ते तुमच्या बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सगळं श्रेय त्या चार दाढीवाल्यांच्या पदरात घालण्याइतकी मी भोळी नाही. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत, ते आपल्या बुद्धीने चालले. मिशनऱ्यांचेही आपले हेतू होते, आणि ते राज्यकर्त्यांच्या सावलीत वावरत होते हेही मी वर्गात शिकवलेलं आहे. पण बेचाळीस मराठी माणसं सात हजार किलोमीटरवर येऊन नॉक्ससमोर उभी राहतात, त्यांतल्या निम्म्यांच्या घरात फुल्यांचा फोटो आहे, आणि या दोन गोष्टींत काही धागा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. याला तुम्ही 'साइटसीइंग' म्हणता. आम्ही साइट पाहिली, सीइंग राहून गेलं.

आता तक्रारी. शिक्षिकेची सवय आहे, लाल पेन हातात घेतल्याशिवाय राहवत नाही.

"चार मोठे स्विस संत" या चार शब्दांपैकी 'चार' तेवढा बरोबर होता. संत नाहीत, कारण संतांची पूजा, त्यांच्या मूर्ती, त्यांचे अवशेष यांच्याविरुद्धच या माणसांनी उभा जन्म घालवला. त्यांना संत म्हणणं म्हणजे गाडगेबाबांच्या नावाने नवस बोलण्यासारखं आहे. स्विस तर मुळीच नाहीत. गिलोम फारेल, जाँ कॅल्व्हिन, थिओडोर बेझा हे तिघं फ्रान्समध्ये जन्मलेले, नॉक्स स्कॉटिश. जिनिव्हा शहरसुद्धा तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हतं, ते १८१५ मध्ये सामील झालं. ती भिंत चार परदेशी माणसांची आहे, आणि त्या शहराने त्यांना आपलं म्हटलं. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडे आठ दिवस राहून आलेल्या कितीतरी आईबापांना हे ऐकायला आवडलं असतं.

कॅल्व्हिनची गोष्ट तर एखाद्या कीर्तनकाराने रंगवून सांगावी अशी आहे. १५३६ साल. सत्तावीस वर्षांचा बुजरा, पुस्तकी तरुण स्ट्रासबर्गला निघालेला. लढाईमुळे सरळ रस्ता बंद, म्हणून वाट वाकडी करून एका रात्रीपुरता जिनिव्हात उतरला. फारेलला पत्ता लागला. तो मुक्कामावर येऊन थडकला आणि म्हणाला, इथे राहून काम कर. कॅल्व्हिन म्हणाला, मला शांतपणे अभ्यास करायचा आहे. तेव्हा त्या तांबड्या दाढीच्या फारेलने सरळ शापच दिला, की तुझ्या त्या शांततेला देवाचा शाप लागो. पोरगा घाबरला आणि राहिला. दोन वर्षांत शहराने त्याला हाकलून दिलं. १५४१ मध्ये त्याच शहराने त्याला हातापाया पडून परत बोलावलं. मग मात्र १५६४ मध्ये डोळे मिटेपर्यंत तो तिथेच. एका रात्रीचा मुक्काम असा. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतही जिनिव्हाला एकच रात्र आहे.

दुसरी तक्रार पुतळ्यांबद्दल काहीच न सांगितल्याची. मधले चौघं पाच मीटर उंच आहेत. म्हणूनच आमच्या सगळ्यांच्या फोटोंत त्यांची डोकी कापली गेली आहेत. माझ्या फोटोत मी आहे आणि माझ्यामागे चार झगे. कुणी "दहा पावलं मागे या" एवढं सांगितलं असतं तरी फोटो वाचले असते. भिंत सुमारे शंभर मीटर लांब आहे आणि जिनिव्हाच्या जुन्या तटबंदीला टेकून बांधली आहे. काम सुरू झालं १९०९ मध्ये, कॅल्व्हिनच्या जन्माला चारशे वर्षं झाली तेव्हा. त्याने स्थापन केलेल्या विद्यापीठाला त्याच वर्षी साडेतीनशे वर्षं होत होती, आणि ते विद्यापीठ भिंतीच्या समोरच उभं आहे. भिंत पुरी झाली १९१७ मध्ये, म्हणजे चहूकडे महायुद्ध पेटलेलं असताना. शिल्पकार दोघं, पॉल लांडोव्स्की आणि आंरी बुशार. यातल्या लांडोव्स्कीनेच पुढे रिओ दी जानेरोच्या डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्त घडवला. हे एक वाक्य सांगितलं असतं तर बुद्धिबळाच्या पटावरचे अर्धे लोक उठून आले असते. रिओच्या ख्रिस्ताचा फोटो कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला नाही असा माणूस आहे का?

आणि गंमत पाहा. कॅल्व्हिन स्वतः मूर्तींच्या विरुद्ध. तो यायच्या आदल्याच वर्षी जिनिव्हाच्या सेंट पिएर कॅथेड्रलमधले पुतळे फोडून टाकले होते. मरताना त्याने बजावलं की माझ्या थडग्यावर दगड नको, खूण नको. आज त्याच्या नावाने एका दफनभूमीत जी जागा दाखवतात ती खरोखर त्याचीच, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा माणसाचा पाच मीटरचा पुतळा! अनुयायी कुठेही गेलं तरी सारखेच. देव्हारा माजवू नका म्हणणाऱ्याचाच आधी देव्हारा करतात. आपल्याकडच्या चौकाचौकांत उभे असलेले पुतळे आठवून बसमध्ये यावर तासभर झकास वाद झाला असता. त्याऐवजी अंताक्षरी झाली.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे, पण लिहितेच. मी मॅनेजरला हळूच विचारलं, अरे, या चौघांबद्दल जरा जास्त सांग ना. तो म्हणाला, "मॅडम, धार्मिक विषय आहे, ऑफिसने सांगितलंय की टाळा, कुणाच्या भावना दुखावतात." ठीक. पण चार दिवसांनी आम्ही रोममध्ये होतो, आणि व्हॅटिकनमध्ये आम्हाला अडीच तास दिले, कानात यंत्र घालून, तिथल्या मार्गदर्शक बाईंसह. बाई सुरेख बोलल्या. त्यांनी सेंट पीटरच्या घुमटाची उंची सांगितली, संगमरवर कुठला ते सांगितलं. त्या बांधकामाला पैसा उभा करायला पापक्षमेची पत्रं विकली गेली, त्यावर चिडून १५१७ मध्ये जर्मनीतल्या एका साधूने पंच्याण्णव मुद्दे लिहिले आणि निम्मा युरोप फाटला, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या घरच्या पाहुण्या, त्यांचं मी समजू शकते. पण तुम्ही? एकाच सहलीत तुम्ही आम्हाला भांडणाची दोन्ही घरं दाखवलीत, आणि भांडण कशावरून झालं ते सांगितलं नाही. त्यातल्या एका घरात पाहुणचार अडीच तास, दुसऱ्याच्या दारात बारा मिनिटं. तो साधू म्हणजे मार्टिन ल्यूथर. तो त्या जिनिव्हाच्या भिंतीवर पुतळा म्हणून नाही, पण एका टोकाच्या दगडावर त्याचं नाव कोरलंय. दुसऱ्या टोकाला झुरिकचा सुधारक झ्विंग्ली याचं. मी दोन्ही टोकांना धावले म्हणून मला दिसलं.

मला कुणाला ख्रिस्ती करायचं नाही. माझ्या बाजूच्या सीटवर रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या बाई होत्या, आणि आमचं पंधरा दिवस छान जमलं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने १९०० साली मराठ्यांच्या इतिहासावर लिहिताना आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या याच धर्मसुधारणेशी केली होती. लोकांच्या भाषेत धर्म आणणं, मधल्या दलालांची मिरास मोडणं, हे त्यांना दोन्हीकडे दिसलं. ती तुलना सगळ्यांना पटेलच असं नाही. मलाही पुरती पटत नाही, कारण आपल्या संतांनी कुणाला जाळलं नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाने जो विषय उघड चर्चेला घेतला, तो तुमच्या ऑफिसला बसमध्ये नको वाटतो.

जाळण्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या बाजूची काळी पाटीही पुढे ठेवते. मिगेल सेर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य. हृदयातून फुप्फुसात आणि तिथून परत रक्त कसं फिरतं, हे युरोपात पहिल्यांदा छापून सांगणारा. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्याला मान्य नव्हता. त्याला जिनिव्हात पकडलं आणि २७ ऑक्टोबर १५५३ या दिवशी शहराबाहेर शांपेलच्या टेकडीवर जिवंत जाळलं. कॅल्व्हिनने खटल्यात त्याच्याविरुद्ध बाजू मांडली होती. जाळू नका, शिरच्छेद करा, एवढीच काय ती त्याची दया. त्याच काळातल्या सेबास्टियन कास्टेलियोने त्याला सुनावलं, की माणूस मारण्याने सिद्धांताचं रक्षण होत नाही, फक्त माणूस मरतो. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी त्या टेकडीजवळ एक दगड उभा केला. स्वतःला कॅल्व्हिनची कृतज्ञ मुलं म्हणवून घेत त्यांनी त्यावर ही चूक होती असं कोरलं. चूक त्या शतकाची होती, असंही जोडलं. पळवाट आहेच थोडी. पुढे २०११ मध्ये तिथे सेर्व्हेटसचा पुतळाही आला. साखळदंडातला, खंगलेला, बसलेला माणूस. मी तो पाहिला नाही, बस निघाली होती. भिंतीवरचे पाच मीटरचे आणि टेकडीवरचा तो बसलेला, हे दोन्ही मिळून जिनिव्हा होतं. तुम्ही पहिलं धड दाखवलं नाहीत आणि दुसऱ्याचं नावही घेतलं नाहीत.

भिंतीवरही सगळे सोवळेच आहेत असं नाही. बाजूच्या पुतळ्यांत क्रॉमवेल आहे, ज्याच्या इंग्रज फौजांनी आयर्लंडमध्ये कत्तली केल्या. आयर्लंडचा माणूस त्याच्यासमोर उभा राहिला तर त्याच्या मनात काय येईल याचा विचार करा. आणि त्याच ओळीत रॉजर विल्यम्स आहे, ज्याला मॅसाच्युसेट्सच्या प्युरिटनांनीच हद्दपार केलं, कारण राज्याने माणसाच्या श्रद्धेत नाक खुपसू नये असं तो म्हणत होता. हाकलणारे आणि हाकललेला, दोघंही एकाच भिंतीवर.

चौथी तक्रार घड्याळांच्या दुकानाबद्दल, आणि ही तुमच्या धंद्याच्या भाषेत मांडते. जिनिव्हात घड्याळंच का? कॅल्व्हिनच्या राजवटीत दागिने मिरवायला बंदी आली. सोनारांचे हात रिकामे झाले. त्याच सुमारास फ्रान्समधून छळाला कंटाळून पळालेले ह्यूगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कारागीर घड्याळाची कला घेऊन आले. दागिना चालत नाही, पण वेळ दाखवणारं उपयोगी यंत्र चालतं, मग सोनारांची बोटं त्या यंत्राकडे वळली. १६०१ मध्ये जिनिव्हाच्या घड्याळजींचा संघ स्थापन झाला. म्हणजे ज्या दुकानात आम्ही एक तास पन्नास मिनिटं काचेला नाक लावून उभे होतो, त्या दुकानाचा खापरपणजोबा बागेत दगडात उभा होता, आणि त्याला बारा मिनिटं. हे दुकानात सांगितलं असतंत तर कदाचित दोन घड्याळं जास्त खपली असती. ही सूचना फुकट देते.

पाचवी तक्रार खरं तर माझी खाजगी आहे. आमच्या चर्चमध्ये माझ्या लहानपणी दानाची थाळी पुढे नेली की सगळे उठून एक छोटी स्तुती गात. चार ओळी, संथ, भारदस्त चाल. बाबा पेटीवर ती वाजवायचे. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांची भजनं आहेत, ती अभंगाच्या अंगाने जातात आणि ती मला जास्त जवळची आहेत. पण ही चार ओळींची चाल परदेशी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. बाबा म्हणायचे, ही जिनिव्हाची. ती १५५१ मध्ये जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहात पहिल्यांदा छापली गेली. तेव्हा तिच्यावर बसवलेले फ्रेंच शब्द बेझाचे होते. डावीकडून तिसरा पुतळा. सामान्य माणसाने देवळात आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने गावं, यासाठी त्यांनी दीडशेच्या दीडशे स्तोत्रं फ्रेंच पद्यात आणली, आणि १५६२ मध्ये तो संग्रह पुरा झाला. भिंतीसमोर मी ती चाल गुणगुणायला लागले. दुसऱ्या ओळीला शिट्टी झाली. "मॅडम, चला, ड्रायव्हरचे तास संपतील."

आता मागण्या. फार नाहीत, आणि एकीलाही फार खर्च नाही.

त्या बागेत पंचेचाळीस मिनिटं द्या. ड्रायव्हरच्या तासांची सबब सांगू नका. तिकडच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी हाकल्यावर ड्रायव्हरला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते, हे तुमच्याच मॅनेजरने आम्हाला तीनदा सांगितलं. ती विश्रांती आम्ही पेट्रोल पंपावर चिप्स खात काढली. तीच बागेजवळ काढा.

छापील कार्यक्रमपत्रिकेतून "संतांची भिंत" आणि "फोटो स्टॉप" हे शब्द काढा. "जिनिव्हाचं धर्मसुधारणा स्मारक" असं लिहा. मॅनेजरला एक पान द्या. चौघं कोण, कुठले, भिंत कधीची, घड्याळांशी संबंध काय, नॉक्सपासून फुल्यांच्या शाळेपर्यंतचा रस्ता कसा. वाचायला सहा मिनिटं लागतील. ते पान मी लिहून देईन, मानधन नको, फक्त तुमच्या मार्केटिंगवाल्यांनी त्यात "मंत्रमुग्ध करणारे" हा शब्द घालू नये.

सेर्व्हेटसचं नाव घ्या. शांपेल वाटेत नाही हे मला कळतं. निदान भिंतीसमोर उभं राहून दोन वाक्यांत सांगा की याच शहरात असंही घडलं. भावना दुखावतील ही भीती सोडा. आम्ही पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं आहोत, एवढ्याने मोडून पडत नाही.

घड्याळाच्या दुकानात ज्यांना काही घ्यायचं नाही, त्यांना तिथे कोंडून ठेवू नका. सेंट पिएर कॅथेड्रलला लागून धर्मसुधारणेचं संग्रहालय आहे. ज्यांना जायचं त्यांना आपल्या खर्चाने जाऊ द्या, आणि कुठे, किती वाजता भेटायचं ते सांगा. आम्ही वेळेवर येऊ. आमच्यापैकी बऱ्याचजणांनी नुकतंच घड्याळ घेतलेलं असेल.

आणि एक नाव दाखवा. भिंतीच्या परिसरात २००२ साली चार नावं नव्याने कोरली. पीटर वाल्डो, जॉन विक्लिफ, यान हुस (हे तिघं कॅल्व्हिनच्याही आधीचे सुधारक) आणि मारी दांतिएर. या चौथ्या बाई. आधी जोगीण होत्या, मठ सोडला, लग्न केलं, जिनिव्हात आल्या. १५३९ मध्ये त्यांनी नावारच्या राणीला उद्देशून एक पत्र लिहिलं आणि छापलं. बायकांनीही धर्मग्रंथ वाचावा, त्यावर बोलावं, असं त्यात म्हटलं होतं. जिनिव्हाच्या नगरपरिषदेने प्रती जप्त केल्या, छापणाऱ्याला आत टाकलं. कॅल्व्हिननेही पुढे बाईंची टिंगल केली. त्यांचं नाव कॅल्व्हिनच्या शेजारी यायला साडेचारशेहून जास्त वर्षं लागली. तुमच्या बसमधल्या बायकांना बागेत नेऊन ते नाव बोटाने दाखवा. आमच्या बसमध्ये तेवीस बायका होत्या, आणि ते नाव एकटीने पाहिलं, तेही चुकून.

या पत्राला वेगळं उत्तर पाठवू नका. पुढच्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका डिसेंबरात छापता ना? तिच्यात जिनिव्हाच्या दिवसासमोर काय लिहिलंय ते मी पाहीन. माझ्या धाकट्या बहिणीने येत्या मे महिन्यासाठी पैसे जमवलेत, आणि कुठल्या कंपनीत भरायचे हे तिने मला विचारलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नगर

ता.क. सांगलीच्या त्या काकांचा परवा फोन आला होता. माझ्याकडे त्यांचा भिंतीसमोरचा फोटो आहे, तो पाठवा म्हणाले. पाठवला. त्यावर त्यांनी विचारलं, "यांतला फुल्यांच्या शाळेवाला कुठला?" मी सांगितलं, सगळ्यात उजवीकडचा. फोटोत त्याचं डोकं नाही.